सीपॅपवर आकडा चांगला, तरी थकवा परत आला: स्लीप ॲप्नियाच्या पुढच्या वर्षांचं गणित

थोडक्यात प्रश्न असा आहे: वय 52. तीन वर्षांपूर्वी स्लीप स्टडीत एएचआय 41 आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी 41 वेळा श्वास थांबत होता किंवा उथळ पडत होता. सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा धरणारं मशीन, सुरू झालं आणि पहिले काही महिने नवा जन्म मिळाल्यासारखे गेले. आता मशीन रोज सकाळी एएचआय 2.1 दाखवतं, पण दुपारी डोळे मिटायला लागलेत. मधल्या काळात सहा किलो वजन वाढलं. पहाटे कधीतरी मास्क काढला जातो, तोही बऱ्याचदा झोपेतच. मशीन बिघडलंय का, हे आयुष्यभर लावायचं का, आणि त्याऐवजी दातांचं उपकरण, ऑपरेशन किंवा वजनाचं नवं इंजेक्शन चालेल का?

मशीन बिघडलं असेलही, पण तशी शक्यता कमी. मी आधी त्या पहाटे निघणाऱ्या मास्ककडे बघेन.

सकाळी स्क्रीनवर येणारा 2.1 खरा आहे, फक्त तो अख्ख्या रात्रीचा नाही. मास्क नाकावर होता तेवढ्याच तासांचा तो हिशोब आहे. मास्क उशीशेजारी पडला की मशीनला तुमचा श्वास दिसतच नाही. आता गणित मांडा. झोप सात तास, मास्क चार तास. चार तासांत तासाला 2.1, म्हणजे आठ-नऊ वेळा. उरलेल्या तीन तासांत जुना 41 चा दर धरला तर 123 वेळा. बेरीज करून सातने भागा: साधारण 19. पंधराच्या वरचा एएचआय मध्यम आजारात मोडतो. म्हणजे सकाळी हिरवी खूण बघून उठणारा माणूस प्रत्यक्षात मध्यम ॲप्निया घेऊन कामाला जातोय.

आणि हा हिशोबही उदार आहे, कारण मास्क निघालेले तास नेमके सगळ्यात वाईट असतात. रात्रीच्या पूर्वार्धात गाढ झोप जास्त असते, स्वप्नांची म्हणजे रेम झोप उत्तरार्धात गोळा होते. रेममध्ये शरीराचे स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतात, त्यात जीभ आणि घसा उघडा धरणारे स्नायूही आले. त्यामुळे बहुतेकांचे श्वास रेममध्ये जास्त वेळ थांबतात आणि ऑक्सिजनही जास्त खाली जातो. पहाटे तीनला मास्क काढणारा माणूस सोप्या तासांत उपचार घेतो आणि अवघड तास उघड्यावर सोडतो.

'रात्री चार तास पुरेत' असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असेल. सत्तर टक्के रात्री निदान चार तास, हा अमेरिकेत विम्यातून मशीनचा खर्च चालू ठेवण्यासाठी वापरला जाणारा निकष आहे. हळूहळू तो उपचाराचं ध्येय असल्यासारखा बोलला जाऊ लागला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वेगवेगळ्या गोष्टींचे तास वेगवेगळे आले: स्वतःला जाणवणारी झोपाळूपणाची तक्रार सुधारायला साधारण चार तास, प्रयोगशाळेत मोजलेला झोपाळूपणा सुधारायला सहा, आणि रोजची कामं नीट होण्याच्या मोजपट्टीवर सुधारणा दिसायला साडेसात. मी माझ्या रुग्णांना तासांचं लक्ष्य देत नाही. झोपाल तेव्हा मास्क, दुपारच्या डुलकीतही मास्क, एवढंच सांगतो.

हृदयाच्या बाबतीतही हाच मुद्दा पुढे येतो. 2016 मध्ये 'सेव्ह' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 2,700 हून अधिक लोकांवर ती झाली होती. सीपॅपमुळे झटके कमी झाले नाहीत. झोपाळूपणा आणि मनःस्थिती मात्र सुधारली. त्यावरून 'सीपॅपचा हृदयाला उपयोग नाही' असं सरसकट म्हणणारे आहेत. पण त्या चाचणीत मशीनचा वापर सरासरी रात्री 3.3 तास होता, आणि दिवसा फार झोप येणाऱ्यांना तिच्यात घेतलंच नव्हतं. मला त्यातून एवढंच म्हणता येतं की अर्ध्या रात्रीच्या उपचारावर हृदयाचं संरक्षण गृहीत धरू नये. रक्तदाबही सीपॅपने सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो. अनेक गोळ्या घेऊनही न उतरणारा असेल तर जरा जास्त. तेव्हा मशीन लागलं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नका.

आता मास्क का निघतो ते शोधायचं. सकाळचा एका ओळीचा सारांश त्यासाठी कामाचा नाही. मशीनच्या कार्डातला किंवा सर्व्हरवरचा सविस्तर रिपोर्ट उघडून मागा. त्यात एकेक रात्र आडवी पसरलेली दिसते: वर दाबाची रेघ, खाली गळतीची, मध्ये श्वास थांबल्याच्या बारीक खुणा. मास्क निघाला तिथे सगळ्या रेघा एकदम तुटतात. त्या तुटण्याच्या आधीची वीस मिनिटं मी बघतो.

गळतीची रेघ मध्यरात्रीपर्यंत सपाट, अडीच-तीनला वर चढायला लागली, टोकं टोकं दिसली आणि मग सगळं तुटलं, तर बहुतेक वेळा नाकाच्या मास्कवर तोंड उघडलंय. रेममध्ये जबडा सैल पडतो, नाकातून आत गेलेली हवा तोंडातून बाहेर येते, घसा कोरडा ठणठणीत होतो आणि झोपेतच हात मास्ककडे जातो. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असणं ही याची घरगुती खूण. गळती शांत आहे पण दाबाची रेघ चढत चौदा-पंधरापर्यंत (हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात) गेली आणि मग तुटली, तर माणूस पाठीवर वळला असेल, रेम सुरू असेल, वाढलेलं वजनही त्यात आलं. आणि त्या दाबाविरुद्ध श्वास सोडणं त्याला नकोसं झालं. दोन्ही रेघा शांत असताना अचानक तुटलं तर मी वेगळे प्रश्न विचारतो. लघवीला उठलात आणि परत लावला नाही का? नाक चोंदलं का? जाग येऊन तासभर झोपच लागली नाही आणि वैतागून काढला का?

गळतीच्या आकड्यांबद्दल एक सूचना. काही मशीन मास्कच्या छिद्रांतून मुद्दाम सोडलेली हवा वजा करून उरलेली गळती दाखवतात, काही एकूण दाखवतात. रेझमेडच्या मशीनवर मिनिटाला 24 लिटर ही सांभाळायची मर्यादा मानतात. तोच आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावू नका. गळती फार असेल तर मशीनचं एएचआय मोजणंही डळमळतं, म्हणून गळती वाईट असताना एएचआय चांगला दिसला तरी मी खूश होत नाही.

तोंडातून हवा जात असेल तर पहिला सुचणारा उपाय म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. काहींना तोच बरोबर असतो. पण तो चटकन सुचवला जातो, आणि मला ते पटत नाही. त्याचे पट्टे खालचा जबडा मागे दाबतात, जीभ मागे सरकते, बऱ्याचदा जास्त दाब लागतो आणि गळतीची जागाही वाढते. त्याआधी नाकाकडे बघा. नाक मोकळं असेल तर निम्मी तोंडं आपोआप मिटतात. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकाचा फवारा रोज नेमाने, हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर आणि जमल्यास गरम होणारी नळी. नाक लगेच मोकळं करणारे थेंब मात्र काही दिवसांपलीकडे वापरू नका. नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. नाकाचा पडदा फार वाकडा असेल तर त्याच्या ऑपरेशनचा उपयोग होतो, पण अपेक्षा नीट ठेवा: त्याने ॲप्निया सहसा जात नाही, मास्क सोसणं सोपं होतं. तोंडावर चिकटपट्टी लावून झोपण्याची फॅशन सध्या जोरात आहे. नाक चोंदलेलं असताना, उलटीची शक्यता असताना किंवा ॲप्नियावर दुसरा काही उपचार नसताना तो प्रकार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मास्क बसवण्याची पद्धत जवळपास प्रत्येकाची चुकलेली असते. आरशासमोर उभं राहून पट्टे ओढायचे, हवा सुटतेय वाटलं की आणखी ओढायचे. पण आडवं झाल्यावर गालाची कातडी बाजूला सरकते, चेहऱ्याचा आकारच बदलतो. म्हणून मशीन सुरू करून, नेहमीच्या उशीवर, नेहमीच्या कुशीवर आडवं होऊन पट्टे जुळवा. आधी सगळे पट्टे सैल सोडा, मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून परत टेकवा म्हणजे आतलं कुशन हवेने फुलून बसेल, मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे आणि थोडे थोडे आवळा. सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ असेल तर पट्टे जास्त घट्ट आहेत किंवा मापच चुकलंय. कुशन सिलिकॉनचं असतं, चेहऱ्याच्या तेलाने ते मऊ पडतं, काही महिन्यांत त्याची कड लोळायला लागते. मग माणूस पट्टे आणखी आवळतो. तीन वर्षं एकच कुशन वापरणारे लोक मला नेहमी भेटतात. नवं कुशन एवढ्यानेच त्यांची पहाट सुधारते. सहा किलोंनी चेहराही बदललेला असू शकतो, तेव्हा माप परत घ्या. मास्कच्या क्लिपमध्ये चुंबक असतील आणि तुमच्या किंवा शेजारी झोपणाऱ्याच्या शरीरात पेसमेकर किंवा तसलं दुसरं उपकरण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मास्क वापरू नका.

दाबाचं. बरीच ऑटो मशीन 4 ते 20 अशी मोकाट सोडलेली असतात. मशीनने आपलं आपण ठरवावं म्हणून. काहींचं त्यावर छान चालतं. पण घशाला जर मुळात नऊ-दहाचा दाब लागत असेल तर चारवरून सुरुवात म्हणजे प्रत्येक वेळी श्वास अडकल्यावर मशीन मागून धावत येणार. शिवाय चारच्या दाबावर मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होतं अशी तक्रारही नेहमीची. किमान दाब उचलणं, कमाल दाबाला लगाम घालणं, श्वास सोडताना दाब थोडा उतरवणारी सोय चालू करणं, हे बदल छोटे असतात आणि रिपोर्ट बघून करायचे असतात. पोटात हवा भरून ढेकर आणि पोटफुगी होत असेल तर तेही आवर्जून सांगा. लाजेपोटी लोक बोलत नाहीत आणि मशीन कपाटात जातं.

ह्युमिडिफायरचं पाणी पहाटेच्या आधी संपत असेल तर कोरडेपणा तिथून येतो. उलट नळीत पाणी साचून चेहऱ्यावर थेंब पडत असतील तर खोली थंड आणि नळी उघडी आहे: नळीला कापडी आवरण घाला, मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, ओलाव्याची पातळी एक पायरी कमी करा.

निद्रानाश वेगळा मोजा. ॲप्निया आणि निद्रानाश एकत्र असणारे लोक थोडे नाहीत, आणि मास्क सोडून देणाऱ्यांत ते जास्त असतात. रात्री दोन-तीनला जागं होऊन घड्याळ बघत पडणाऱ्याला मास्क शत्रू वाटणारच. त्याला दाब बदलून फरक पडत नाही. निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धत लागते, म्हणजे अंथरुणातला जागेपणाचा वेळ कमी करणं, उठण्याची वेळ पक्की ठेवणं वगैरे. झोपेच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. त्यातल्या काही घशाचे स्नायू आणखी सैल करतात. दारूचंही तेच. झोपण्याआधीच्या तासांत घेतलेली दारू पहाटेच्या झोपेचेही तुकडे पाडते.

समजा हे सगळं सुधारलं, दोन-तीन महिने मास्क रात्रभर राहिला, गळती शांत आहे, तरी दुपारी पेंग येतेच. मग ॲप्नियाच्या बाहेर बघायला हवं. मुळात झोप किती तास मिळते? पाच तास झोपणाऱ्याला जगातलं कुठलंही मशीन सात तासांचा आराम देऊ शकत नाही. थायरॉइड, शरीरातलं लोह, मधुमेह, नैराश्य, पाय वळवळण्याचा त्रास, ॲलर्जीच्या आणि इतर गुंगी आणणाऱ्या गोळ्या, पाळीची नोकरी. बायकांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ॲप्निया वाढतो आणि तक्रार बऱ्याचदा घोरण्याची नसते, थकवा, डोकेदुखी आणि झोप न लागण्याची असते. हे सगळं तपासून झाल्यावरही झोपाळूपणा उरला तर जागं ठेवणारी औषधं आहेत, मोडाफिनिल त्यातलं परिचित नाव. पण ती मास्कच्या जोडीला घ्यायची. मास्कऐवजी घेतली तर माणूस जागा राहतो आणि ऑक्सिजन रात्रभर खाली जातच राहतो.

झोपाळूपणा मोजायला एपवर्थ मोजपट्टी वापरा. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये ती प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याचे 0 ते 24 गुण. दहाच्या वर गेलात तर लक्ष द्यायचं. दर सहा महिन्यांनी भरा आणि घरच्या माणसालाही तुमच्याबद्दल वेगळी भरायला सांगा. दोघांच्या गुणांत केवढा फरक पडतो ते बघण्यासारखं असतं.

रिपोर्टमध्ये आणखी एक खूण शोधा. उरलेल्या घटनांपैकी बऱ्याच 'सेंट्रल' किंवा 'क्लिअर एअरवे' अशा नावाखाली असतील तर घसा मोकळा आहे, पण मेंदूकडून श्वासाची हाक येत नाहीये. सीपॅप सुरू केल्यावर काहींना हे होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप निवळतं. नव्याने दिसू लागलं तर अफूवर्गातली वेदनाशामकं आणि हृदयाची कमजोरी या दोन गोष्टी तपासायच्या. अशा वेळी 'आणखी भारी मशीन' घेण्याची घाई नको. 2015 मध्ये आलेल्या 'सर्व्ह-एचएफ' चाचणीत हृदयाची पंप करण्याची ताकद बरीच कमी असलेल्या, प्रामुख्याने सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांना एएसव्ही हे जास्त हुशार मशीन लावलं, तर हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढले. मशीन सुरळीत चाललं होतं, आकडेही सुधारले होते.

आता आयुष्यभराचा प्रश्न. सीपॅप सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी शोधलं. 1981 मध्ये त्यांचा पहिला निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. तोवर तीव्र ॲप्नियावर हमखास लागू पडणारा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनलिका उघडणं. सीपॅप घसा बरा करत नाही. हवेच्या दाबाने तो उघडा धरतं. दाब थांबला की घसा परत मिटतो. मशीन बंद केलेल्या लोकांवर अभ्यास झाले आहेत: ॲप्निया एक-दोन रात्रींतच परततो, आणि दोन आठवड्यांत झोपाळूपणा आणि रक्तदाब दोन्ही वर येतात. त्यामुळे 'थोडा ब्रेक घेऊ का' याला माझं उत्तर नाही असंच आहे. सर्दीने नाक पूर्ण बंद झालं तर एखाद-दुसरी रात्र कुशीवर, डोकं उंच करून काढा, तेवढं चालतं.

पण 'आयुष्यभर' हा शिक्का मी पहिल्या दिवशी मारत नाही. एएचआय 41 ज्या कारणांनी आला, त्यातली काही कारणं हलवता येतात. वजन हे सगळ्यात मोठं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासातून 2000 साली आलेला अंदाज आजही वापरला जातो: वजन दहा टक्के वाढलं तर एएचआय साधारण 32 टक्के वाढतो, दहा टक्के घटलं तर साधारण 26 टक्के उतरतो. तुमचे सहा किलो या हिशोबाने काय करत असतील याचा अंदाज करा. ऑटो मशीन त्याची भरपाई दाब वाढवून करतं, म्हणून स्क्रीनवरचा एएचआय तसाच राहतो आणि पहाटेचा दाब मात्र सोसवेनासा होतो. माझी अटकळ अशी की तुमच्या बाबतीत घडलंय ते बहुधा हेच.

वजनाचं इंजेक्शन म्हणजे टिर्झेपटाइड. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी, म्हणजे एफडीएने, लठ्ठपणा आणि मध्यम ते तीव्र ॲप्निया असलेल्या प्रौढांसाठी ते मान्य केलं. ॲप्नियासाठी मान्य झालेलं ते पहिलं औषध. ज्या चाचण्यांवर ही मान्यता उभी आहे, त्यांत सुरुवातीचा एएचआय साधारण पन्नास होता आणि वर्षभरात तो सरासरी 25 ते 29 ने उतरला. ही फार मोठी घट आहे. पण पन्नासातून पंचवीस गेले तरी पंचवीस उरतात. काही लोक मास्कमधून सुटले, बऱ्याच जणांचा आजार हलका झाला, काहींना मशीन लागतंच. औषध थांबवल्यावर वजन परत चढण्याची प्रवृत्ती आहे, आणि त्याच्या मागून ॲप्निया. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे. तुमचं वजन लठ्ठपणाच्या व्याख्येत बसत असेल तर जरूर चर्चा करा. वजन उतरत असताना मात्र मास्क सोडू नका. दाब परत जुळवा, माप परत घ्या, आणि वजन स्थिरावल्यावर मशीनशिवाय पुन्हा स्लीप स्टडी करा. घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया गेला असं घरच्यांच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही.

दातांचं उपकरण खालचा जबडा पुढे धरून ठेवतं आणि जिभेमागची जागा वाढवतं. एएचआय उतरवण्यात ते सीपॅपपेक्षा कमी पडतं, पण लोक ते रात्रभर घालतात, त्यामुळे दिवसाच्या झोपाळूपणात आणि रक्तदाबात फरक बराचसा सारखा पडतो. सौम्य-मध्यम आजारात मी ते आनंदाने सुचवतो. 41 वर ते माझी पहिली निवड नाही, पण मास्क कपाटात आणि तोंडात काहीच नाही यापेक्षा ते कितीतरी बरं. झोपेच्या आजारांचं काम करणाऱ्या दंतवैद्याकडूनच करा, उकळत्या पाण्यात मऊ करून चावायची तयार उपकरणं टाळा. जबडा आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा पुढे न्यायचा असतो. काही वर्षांत दात सरकतात, वरखालचे दात जुळण्याची ठेवण बदलते. सकाळी जबड्याचा व्यायाम करायचा आणि दंतवैद्याकडे नेमाने जायचं. शेवटच्या मापावर स्लीप स्टडी झाल्याशिवाय ते काम करतंय असं धरू नका.

ऑपरेशनांबद्दल घाईने सांगतो, कारण कोणतं ते तुमचा घसा बघितल्याशिवाय ठरत नाही. टॉन्सिल मोठे असतील तर ते काढण्याचा स्पष्ट फायदा. पडजीभ आणि टाळूचा भाग कापण्याचं जुनं ऑपरेशन कुणाला लागू पडेल याची खात्री देता येत नाही, आणि वर्षांनी त्याचा गुण ओसरतो असंही दिसतं. दोन्ही जबडे पुढे आणण्याचं ऑपरेशन सगळ्यात परिणामकारक आणि सगळ्यात मोठं. जिभेच्या मज्जातंतूला श्वासाबरोबर हलका विद्युतझटका देणारं, छातीत बसवायचं उपकरण 2014 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्याच्या मूळ चाचणीत एएचआयचा मध्यांक 29.3 वरून वर्षभरात 9 वर आला. मात्र मशीन न सोसणारे, वजन मर्यादेत असलेले आणि घसा चारही बाजूंनी एकदम न मिटणारे असे निवडक लोकच त्यात होते. हे शेवटचं बघायला हलकी गुंगी देऊन घशात दुर्बीण घालतात.

फक्त पाठीवर झोपल्यावरच श्वास थांबत असेल तर कुशीवर झोपण्याचा पट्टा किंवा थरथरणारं उपकरण मदतीला येतं. जुन्या स्लीप स्टडीच्या कागदावर पाठीवरचा एएचआय आणि कुशीवरचा एएचआय वेगळा छापलेला असतो. तो कागद शोधा, तिथेच बरंच कळतं.

देखभालीचं थोडकं: कुशन रोज पुसायचं, नळी आणि पाण्याचं भांडं आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुवायचं, रात्रीचं उरलेलं पाणी सकाळी ओतून टाकायचं, भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, फिल्टर काळवंडला की बदलायचा. ओझोनवर चालणारी सफाई यंत्रं नकोत. जून 2021 मध्ये फिलिप्सने आवाज कमी करणारा आतला फोम झिजत असल्यामुळे लाखो मशीन परत मागवली. जुनं किंवा कुणाकडून आलेलं मशीन असेल तर त्याचा अनुक्रमांक त्या यादीत तपासून घ्या.

कोणतंही ऑपरेशन ठरलं, अगदी दाताचं किंवा गुडघ्याचं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल आधी सांगा आणि मशीन दवाखान्यात सोबत न्या. भूल आणि तीव्र वेदनाशामकांनंतरच्या रात्री घसा नेहमीपेक्षा जास्त मिटतो. विमानात मशीन हातातल्या सामानात, भांडं रिकामं करून.

आणि तुमच्यासाठी आत्ताचं. दुपारी डोळे मिटतायत तोवर लांबचं ड्रायव्हिंग दुसऱ्याकडे द्या. खिडकी उघडून, गाणी मोठ्याने लावून झोप थांबत नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि उतरायचं. पुढचे दोन आठवडे मास्क निघालेला कळला की, वेळ काहीही असो, परत लावा, आणि सकाळी एवढंच लिहा: किती वाजता निघाला, तोंड कोरडं होतं का, नाक बंद होतं का, कोणत्या कुशीवर जाग आली. मग झोपेच्या डॉक्टरांची वेळ घ्या. जाताना फक्त कार्ड नेऊ नका. मशीन, नळी, मास्क, पट्टे, सगळं न्या. मास्क त्या दिवशी धुऊन, नवे पट्टे घालून नेऊ नका. कुशनची कड कुठे लोळलीय आणि पट्टे कोणत्या खुणेवर आवळलेत, हे बघायचं असतं.